चौथ्या मेंबरची जागा

कॉलेजसमोर टायपिंगचं दुकान टाकलं की किस्से आपोआप साठतात, खराब निघालेल्या झेरॉक्ससारखे. उपयोग काही नसतो, पण फेकवत नाहीत. माझं दुकान शिरूरला होतं तेव्हा मोबाइल मोजक्या लोकांकडं होते आणि फ्लॉपी सगळ्या पोरांकडं. शेवटच्या वर्षाला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट असायचा. चौघांची एक टीम, आणि रिपोर्ट टाइप करायला माझं दुकान. मी नववीनंतर शाळा सोडलेली. प्रोग्रॅमिंग शिकलो ते त्यांचे रिपोर्ट टाइप करता करता आणि एका फाटक्या पुस्तकातून. त्यांच्या मार्कांचा मला कधी हेवा वाटला नाही. टीमचा वाटायचा. फार वाटायचा.

त्या वर्षी निलेशच्या टीमचा जास्तच वाटला, कारण त्यांच्यात तिघंच होते. वडगाव रासाईचा निलेश, शिक्रापूरला खोली घेऊन राहणारा संदीप आणि खुटबावची वैशाली. चौथ्यानं मध्येच कॉलेज सोडलं होतं. म्हणजे एक जागा रिकामी होती, आणि ती रोज माझ्या दुकानात येऊन बसायची.

*

प्रोजेक्टचा विषय होता गावातल्या दूध डेअरीचं सॉफ्टवेअर. रिपोर्ट मात्र मागच्या बॅचचा, लायब्ररीवरचा. निलेश म्हणाला, "सोपं हाय. जिथं पुस्तक, तिथं दूध कर."

मी केलं. संगणकाला एकदाच सांगायचं असतं, तो सगळीकडं बदलतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सरांनी वर्गात वाचून दाखवलं, "सभासदाने दूध सात दिवसांत परत करावे. दुधाची पाने फाडू नयेत." मग चष्मा काढून विचारलं, "निलेश, सात दिवसांनी परत करताना त्याचं दही झालं तर?"

निलेश म्हणाला, "सर, ते पुढच्या व्हर्जनमधी घेतलंय."

हे मला वैशालीनं हसत हसत सांगितलं. चूक मी केली होती, आणि बोलणी खायला मी तिथं नव्हतो. बोलणीसुद्धा टीमनंच खाल्ली.

*

एकदा अर्धा प्रोग्रॅम फ्लॉपीत घालून निलेश घरी घेऊन गेला. सकाळी त्याचे वडील, आबा, ट्रॅक्टर घेऊन शिरूरला येणार होते, म्हणून फ्लॉपी त्यांच्याकडं दिली. आबांनी ती पातळ वस्तू वाकू नये म्हणून ट्रॅक्टरवरच्या टेपच्या स्पीकरवर ठेवली आणि वर फडकं टाकलं. वाटेत गाणी चालू.

दुकानात फ्लॉपी लावली तर कोरी. स्पीकरमधल्या लोहचुंबकानं सगळं पुसलं होतं. मी आबांना सांगितलं, "आबा, यातलं सगळं गेलं."

आबांनी फ्लॉपी उलटी केली, हलवली, कानाशी नेली. "सांडलं तर न्हाई कुठं. मी सावकाश आलो."

*

मग गेलेलं पुन्हा कुणी लिहायचं यावरून भांडण झालं. संदीप म्हणायचा लॉगिन माझं, बाकी तुमचं. निलेश म्हणायचा मी टीम लीडर, लीडर कोडिंग करत न्हाई. वैशाली म्हणाली, "मग लीडरच्या डोक्यावर फेटा बांधा आन् फिरवा गावातनं."

तिघं रागानं तीन दिशांना गेले. मी खुर्चीत बसून जळत राहिलो. माझ्याशी असं हक्कानं भांडायला कुणीच नव्हतं.

ते नसताना मी गेलेला आणि उरलेला, सगळा प्रोग्रॅम लिहिला. आमच्या घरचं दूध डेअरीला जायचं, त्यामुळं मला ठाऊक होतं ते लिहिलं. चार दिवसांनी तिघं एकाच मोटारसायकलवर आले. निलेशनं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "चालतंय की! बघा, आपल्या टीमनं करून दाखवलं."

त्या 'आपल्या'त मी येतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "बाइंडिंग कुठल्या रंगाचं करू?"

*

तोंडी परीक्षेच्या दिवशी संदीप धावत आला. "चल लवकर, प्रोग्रॅम उघडंना."

कॉलेजच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदाच गेलो. चप्पल बाहेर काढायची हेही माहीत नव्हतं. फाइल जागेवर ठेवली, प्रोग्रॅम उघडला. निघणार तोच बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "संध्याकाळचं दूध दुसऱ्या दिवसाच्या तारखेला का धरलंय? हे चुकलंय."

निलेश संदीपकडं बघायला लागला, संदीप वैशालीकडं, वैशाली जमिनीकडं.

मला राहवलं नाही. "चुकलं न्हाई सर. संध्याकाळचं दूध रात्रभर डेअरीतच असतं. टँकर सकाळी येतो, मग दोन्ही एकदमच जातं."

परीक्षकांनी मान डोलावली. मग खूश होऊन त्यांनी यादी पुढं ओढली. "रोल नंबर?"

त्या रिपोर्टचं पहिलं पान मी इतक्यांदा टाइप केलं होतं की सगळे नंबर पाठ होते. त्यातला एक तोंडातून निघून गेला. "सत्तावीस."

त्यांचं बोट यादीवरून खाली गेलं आणि थांबलं. "सत्तावीस म्हणजे... वैशाली?"



"हो सर," मी म्हणालो.

वैशालीनं पायानं स्टूल माझ्याकडं सरकवलं आणि हळूच म्हणाली, "मग बस की."