तोंड झाकायचा रुमाल

ओल्या रंगाचा वास आला की जोहे गावातला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आठवतो. घरातली पहिली पदवीधर मी, दर रविवारी ईमेलनं गावाकडच्या गोष्टी पाठवायला लागले होते, पण वाचकच मिळत नव्हते. तोंड झाकल्याशिवाय मूर्ती घरी नेत नाहीत, म्हणून मुंबईचं गिऱ्हाईक आलं तेव्हा बाबांनी रुमाल हातातच धरून ठेवला. “आधी पोरीला ईमेल सांगा, ती गोष्टी पाठवते, मग झाकतो.” गिऱ्हाईक हसलं, “बाप्पालापण पाठवते काय?” “त्याला कशाला? मी डोळे आखत असतो तवा हितंच वाचून दाखवते. आम्ही दोघं पहिले!” त्यानं ईमेल सांगितला. आता वाचक न मागता येतात. तरी पाठवण्याआधी मी मोठ्यानं वाचते आणि मध्येच थांबते, कारण तिथं बाबा मूर्तीवरून ब्रश न उचलता म्हणायचे, “व्हय, फुडं?”