टॉवेलाखालचा सौदा

आमच्या अप्पांना हळू बोलता येत नसे. "च्या टाक गं" एवढंच सांगायचं असलं तरी ते गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, आणि कोपऱ्यावरचा गिरणीवाला दुसऱ्या दिवशी दळण देताना मला विचारायचा, "वहिनी, काल अप्पांना च्या उशिरा मिळाला वाटतं?" पण हेच अप्पा महत्त्वाचं काही सांगायचं असलं की तोंडातून अवाक्षर काढत नसत. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि खालून बोटं दाबायची. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. मूळचे कडेगावकडचे, पण हयात सांगलीच्या हळदीच्या बाजारात दलालीत गेलेली. जुन्या काळी तिथं भाव असेच टॉवेलाखाली ठरत. एक बोट धरलं की त्याचा एक अर्थ, दोन धरली की दुसरा, आणि अख्खा पंजा दाबला की सौदा झाला. भोवती कितीही माणसं उभी असोत, भाव दोघांनाच ठाऊक. पुढे उघड लिलाव आले, मोठ्यानं पुकारा करायची पद्धत आली आणि तिथं अप्पांचा आवाज कामाला आला. बोटांची सवय मात्र सुटली नाही. "तोंडानं बोललं की ते समद्या बाजाराचं झालं. बोटानं बोललेलं दोघांतच ऱ्हातं," असं ते म्हणायचे. अर्थात हेही ते इतक्या मोठ्यानं म्हणायचे की समद्या बाजाराला ऐकू जायचं.

मला बघायला ही मंडळी वाईला आली तेव्हा मी पोहे घेऊन बाहेर आले, तर हा धिप्पाड माणूस आमच्या बैठकीत पावसापासून पिकापर्यंत सगळ्यावर गर्जत होता. मला एक प्रश्न विचारला नाही. नंतर टॉवेल काढून त्यांनी शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या हातावर टाकला, आणि सासूबाई एकदम हसल्या. आमच्याकडच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला मुलगी पसंत नाही. आईचा चेहरा उतरला. मला हे लग्नानंतर कळलं की पोहे संपायच्या आत पंजा दाबून झाला होता.

सांगलीत आल्यावर ती भाषा मीही शिकले. पंगतीला पाहुणे असले की अप्पा माझ्या हातावर टॉवेल टाकून आमटीचा निकाल द्यायचे. करंगळी दाबली की मीठ कमी. अंगठा दाबला की तिखट जास्त. पाहुण्यांदेखत तोंडानं मात्र "लय झ्याक झालीया आमटी!" अशी आरोळी. नव्या सुनेची अब्रू राखायची ही रीत मला अजूनही फार आवडते.

घरात आणखी एक मेंबर होता, हळद्या. हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत, जमिनीतले खोल खड्डे. तसल्या एका रिकाम्या, उघड्या पेवात पडलेलं हे कुत्र्याचं पिल्लू अप्पांनी दोर सोडून वर काढलं होतं. रंगानं तो पांढरा होता असं सासूबाई सांगत. मी काही त्याला पांढरा पाहिला नाही. रोज अप्पांबरोबर बाजारात जायचा, पोत्यांवर लोळायचा आणि नवरदेवासारखा पिवळा होऊन परत यायचा. पेवातून काढल्यावर तो इतका भेदरलेला होता की कशालाच तोंड लावेना. तेव्हा अप्पांनी त्याच्यासमोर भाकरीचा एक घास स्वतः खाल्ला आणि म्हणाले, "बघ, म्या खाल्लं. मेलो का?" तेव्हा कुठं तो जेवला. झालं, जन्माची खोड लागली. अप्पांनी आधी खाऊन दाखवल्याशिवाय हळद्या बिस्किटालासुद्धा शिवत नसे. आणि अप्पाही रोज न चुकता तेच म्हणायचे, "बघ, मेलो का?" सासूबाई चिडायच्या. "अवं, तिन्हीसांजंचं काय बोलताय!"

माझ्याबरोबर माहेराहून एक वस्तू आली होती, पाऱ्याचं ब्लडप्रेशरचं मशीन. माझे वडील प्रेशर मोजून घ्यायचं टाळत राहिले. मला काय धाड भरलीय, म्हणायचे. एका सकाळी त्यांची डावी बाजू गेली आणि मग आम्ही मशीन आणलं. ते गेल्यावर आईला ते घरात बघवेना, म्हणून ती पेटी माझ्याकडे आली. अप्पांचा लालबुंद चेहरा, जिना चढताना लागणारी धाप, मधूनच कठड्याला धरून उभं राहणं हे सगळं मी आधी एकदा बघितलेलं होतं. मला त्या माणसाची धास्ती वाटायची. दुसऱ्यांदा बाप गमवायची माझी तयारी नव्हती.

पण मशीनची पेटी दिसली की अप्पा उठून बाहेर जायचे. "माझं प्रेशर मला म्हाईत हाय. म्या काय स्टोव्ह हाय व्हय, कुणीबी यावं आन् पंप मारावा?" सासूबाईंनी विनवलं, नवऱ्यानं भांडून पाहिलं, मी रुसून पाहिलं. खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. "दलाल आजारी हाय असं कळलं ना, की शेतकरी माल दुसऱ्याच्या दारात उतरवतो. बाजारात आपला आकडा कुनाला दावायचा नसतो, सुनबाई."

आणि मग आजारी पडला तो हळद्या. म्हातारा झाला होता. घागरभर पाणी प्यायचा, दारात धडकायचा, ओळखीच्या माणसावर भुंकायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "याची मूत्रपिंडं थकलीत. प्रेशर वाढून डोळ्यांवर आलंय असं दिसतं. पण इथं तो थरथर कापतोय, इथला आकडा खरा येणार नाही. तुम्ही घरीच मोजा." माणसांचीच एक गोळी त्यांनी चतकोर करून द्यायला सांगितली, खाण्यातलं मीठ बंद केलं, आणि पुढच्या पायाला लहान बाळाचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं. पट्टा फुगवला की खालची नाडी बोटाला लागेनाशी होते. हवा सोडताना ती जिथं परत लागते, तो वरचा आकडा. "पहिला धरू नका, कुत्रं बिचकलेलं असतं. थोडं थांबून पुन्हा घ्या. अगदी तंतोतंत नाही येणार, पण चढतंय की उतरतंय ते कळेल. आणि घरात आवाज नको हं." हे शेवटचं वाक्य त्यांनी अप्पांकडे बघून उच्चारलं.

बाळाचा पट्टा आणायला माझा नवरा मिरजेला गेला. दुकानदारानं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" हा सरळमार्गी माणूस म्हणाला, "तेरा वर्षांचं." तो पट्टा मिळवायला त्याला बरंच समजावून सांगावं लागलं.

पहिल्या संध्याकाळी पट्टा बघून हळद्या जो पलंगाखाली शिरला तो बाहेर येईना. अप्पा पलंगाशी ओणवे होऊन त्याला गोंजारत होते, त्यांच्या मते हळू आवाजात, आणि शेजारच्यांच्या खिडक्या उघडत होत्या. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, "अप्पा, घास तुम्ही आधी खाऊन दाखवता ना? मग पट्टाही आधी तुम्हीच बांधून दाखवा."

अप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग सदऱ्याची बाही वर सारली आणि म्हणाले, "बांध."

मी माणसांचा पट्टा बांधला, कानाला नळी लावली, पंप मारला. पारा खाली येताना पहिला ठोका जिथं ऐकू आला तो आकडा चांगलाच वरचा होता. तोंडावर मात्र मी काही दाखवलं नाही. एवढी वर्षं दलालाच्या घरात उगाच काढली नव्हती. अप्पांनी पट्ट्याचा हात पलंगाखाली दाखवला. "बघ रं. मेलो का?" आणि खरंच, हळद्या सरपटत बाहेर आला आणि त्यांच्या मांडीला टेकून पडला.

त्या दिवसापासून दिवेलागणीला आमच्या घरात एक सोहळाच सुरू झाला. सासूबाई कुकर लावायच्या थांबायच्या, कारण शिटीनं हळद्या दचकायचा. टीव्ही बंद. गोणपाटावर हळद्या आडवा, शेजारी अप्पा. आधी अप्पांना पट्टा, मग त्याला. कुत्र्याची नाडी शोधणं माझ्या बोटांना कधीच जमलं नाही. अप्पांनी मात्र टॉवेल टाकला, डोळे मिटले, आणि त्या पिवळट पंजाखाली ती क्षणात धरली. एका हातानं ते हळद्याची नाडी बघायचे, दुसऱ्यानं टॉवेलाखालीच माझं बोट धरायचे. मी हवा सोडत पाऱ्याकडे बघत राहायची. नाडी परत लागली की माझं बोट दाबलं जायचं. तोंडानं एक शब्द नाही. सगळ्या पेठेला ठाऊक असलेला तो आवाज एवढा वेळ अगदी बंद असायचा. गिरणीवाला एकदा काळजीनं घरी येऊन गेला, अप्पांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

अप्पांचा आकडा मी नवऱ्याला सांगितला, त्यानं आमच्या डॉक्टरांना. त्यांनीही गोळी दिली. अप्पा सरळ घेणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं, म्हणाले, "बघा कसं जमतंय." जमवायला मी होतेच. हळद्याची चतकोर गोळी कुस्करून तुपातल्या भाकरीच्या गोळ्यात घालायची असे. अप्पांनी आधी एक गोळा खाल्ल्याशिवाय तो खाणार नव्हता. मग अप्पांच्या गोळ्यातही मी त्यांची गोळी कुस्करून घालायला लागले. मीठही दोघांचं बरोबरच कमी केलं, कारण अप्पांच्या ताटातलं हळद्याला जायचं. रोज जेवताना माझी करंगळी दाबली जायची. मी म्हणायची, "हळद्यासाठी हो अप्पा." ते मुकाट्यानं जेवायचे.

महिन्याभरात हळद्याचा पारा जरा उतरला आणि अप्पांचा चांगलाच उतरला. ते कठड्याला धरून उभे राहायचे थांबले. मी माझ्या हुशारीवर बेहद्द खूश होते. वाईला गेले की आईला सांगायची, बाजार कोळून प्यालेल्या माणसाला मी कसं गुंडाळलं. आई म्हणायची, "जपून गं, त्यांना कळेल." मी म्हणायची, "छे, काय कळतंय!"

हळद्या त्यानंतर दोन दिवाळ्या जगला. दिसत नव्हतं, पण पट्ट्याची चिकटपट्टी उघडल्याचा आवाज झाला की स्वतःच पाय पुढे करायचा. एका दुपारी गोणपाटावर झोपला आणि उठला नाही. अप्पांनी त्याला आपल्या टॉवेलात गुंडाळलं आणि हरिपूरला नेऊन जिथं सापडला होता तिथंच पेवाशेजारी पुरलं. मी पोटभर रडले. हळद्यासाठी रडलेच, पण खरं सांगायचं तर भीतीनंही रडले. आता अप्पांना पट्टा कशाच्या निमित्तानं बांधणार होते मी? गोळी कुणाच्या नावानं देणार होते?

दुसऱ्या दिवशी दिवे लागले. मशीन कपाटातच होतं. मी स्वयंपाकघरात नुसतीच कणकेला हात लावून बसले होते. आणि कितीतरी दिवसांनी त्या वेळेला तो आवाज घुमला.

"सुनबाई! आगं दिवं लागलं! मशीन कुठं हाय?"

मी बाहेर आले. गोणपाट रोजच्या जागी अंथरलेलं होतं. शेजारी अप्पा बसलेले, बाही वर सारलेली, खांद्यावर नवा कोरा टॉवेल.

"अप्पा, पण हळद्या..."

"हळद्याचं झालं. माझं कुठं झालंय?" ते म्हणाले. "आन् त्यो गोळा आण. त्यातली गोळी आता कुस्करू नगंस. आखीच दे, म्या गिळतो. कुस्करली की लय कडू लागती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हळद जिभंला लावली तर गाव सांगतो म्या. भाकरीतली गोळी कळंना व्हय मला?"

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?"

मी समोर बसले, पेटी उघडली. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकला. समोर बघणारं कुणी नव्हतं, तरी टाकला. मला वाटलं, खालून करंगळी दाबतील, मिठाची तक्रार असेल. त्यांनी अख्खा पंजा दाबला आणि तसाच धरून ठेवला.

आतून सासूबाईंनी सवयीनं अगदी हळू आवाजात विचारलं, "झालं का गं? कुकर लावू का?"

"लाव की!" अप्पा गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. माझा हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.