रविवारचा फोन आणि बासचं बटण

वडील गेल्यावर रत्नागिरीच्या घरात आई आणि मी, दोघंच उरलो. धाकटा भाऊ मुंबईला. आईला अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून गणपतीला येताना त्याने एक दणकट स्पीकर आणला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन आला की मी तो स्पीकरला जोडून देतो.

आणणारा आणून मोकळा झाला, निस्तरायचं कोणी? आमच्या माजघराच्या भिंती चिऱ्याच्या, खाली गुळगुळीत लाद्या, सामान म्हणाल तर आईचा पलंग. त्यात स्पीकर ठेवलेला कोपऱ्यात. भावाने "हॅलो" म्हटलं की नुसतं घुम्म! एक शब्द कळेल तर शपथ. प्रत्येक वाक्याला आई माझ्याकडे वळायची, "काय म्हणाला रे?" आणि मी आपला सांगतोय.

माझं अर्धं आयुष्य मिरजोळ्याच्या कारखान्यात मशिनं लावण्यात गेलं. म्हटलं, हे काय मोठं! दोन भिंतींच्या बेचक्यात बास फुगतो, म्हणून स्पीकर कोपऱ्यातून काढून स्टुलावर ठेवला. खाली गोधडीची घडी. समोरच्या भिंतीला सतरंजी टांगली. मग बातम्या लावून बास उतरवत नेला, ट्रेबल चढवत नेलं, आणि 'स' कानाला टोचायला लागला तसा जरा मागे आलो. पलंगावर बसून ऐकलं. शब्द न् शब्द स्वच्छ. मी जाम खूश.

त्या रविवारी आईने सगळं ऐकलं, एकदाही विचारलं नाही. पण पुढच्या रविवारी पाहतो तर स्पीकर परत कोपऱ्यात आणि बासचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं. वाटलं, केर काढताना सरकला असेल. पुन्हा लावून दिला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. माझं डोकंच फिरलं.

"आई, कशाला उचापती करतेस? नीट ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

"मग?"

"असू दे तसंच."

"असू दे काय असू दे! मग मला विचारायचं नाही, काय म्हणाला म्हणून."

तेवढ्यात फोन आला. भाऊ घुमत राहिला, आई डोळे मिटून बसली. खरंच काही विचारलं नाही तिने. फोन ठेवल्यावर मी खवचटपणे म्हटलं, "काय कळलं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तिथे ठेवला की त्याचा आवाज जाड येतो. अगदी ह्यांच्यासारखा."

माझा आवाज आईवर गेलाय, बारीक आणि चिरका. दिवसभर मीच तिच्याशी बोलतो, गोळी घेतलीस का, चहा टाकू का. त्यात तिला वडील कुठून भेटणार? खरं सांगतो, वाईट वाटलं. भावावर जळलोसुद्धा.

तरी भिंतीवरची सतरंजी मीच उतरवली, कारण तीही आवाज खात होती. स्पीकर कोपऱ्यात आणखी आत सारला. पुढच्या रविवारी भाऊ बोलायला लागला, पण मी बजावलेलं म्हणून आई काही विचारेना. मलाच राहवेना. तिच्या कानाशी वाकून तो काय म्हणतोय ते सांगायला लागलो.

तिने डोळे न उघडता माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गप रे जरा," ती म्हणाली. "ऐकू दे."