पोकळ भिंत

समोरच्या ओट्यावरच्या आबांमुळे माझी बायको आणि लेक त्या उन्हाळ्यात छपराखाली राहिल्या, हे मी आधीच सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकून तुम्ही आबांना हसणार. आबांचं नाव मात्र सांगत नाही. का, ते शेवटी कळेल.

मंदीच्या त्या वर्षांत नंदुरबारात जेवढी घरं विकता विकता राहिली, त्यातली निम्मी तरी आबांनी एकट्याने थांबवली असतील. आबा दलाल नव्हते, कारागीरही नव्हते. पण कापसाचा भाव बसलेला, ज्याच्या गाठीशी काही होतं तो ते उराशी धरून बसलेला; त्यामुळे इसार देण्यापूर्वी जो तो म्हणे, "आबांना एकदा दाखवू." मग आबा धोतराचा सोगा खोचून यायचे. दारातच तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघत त्याच्यामागे चालायचे. कोपऱ्याकोपऱ्यात नाक लावून वास घ्यायचे. एकदा आढं नीट दिसावं म्हणून माजघरात उताणे झोपले, ते घोरायलाच लागले. घेणारा आणि विकणारा उशापायथ्याशी बसून राहिले, आणि आबा जागे होईपर्यंत घेणाऱ्याचं मन फिरलं होतं. एकदा घरात काहीच खोट सापडेना, तेव्हा त्यांनी भाबडेपणाने मालकालाच विचारलं, "भाऊ, घर इतलं चांगलं शे, मंग इकी काब्र ऱ्हायना?" आपण का विकतोय, या विचारात मालक पडला. संध्याकाळी त्याने निरोप धाडला की घर विकायचं नाही. मी हे बघून चाटच पडायचो. आमच्या कोकणात माणसं घरावरून वर्षानुवर्षं भांडतात, पण एका प्रश्नाने घर विकायचं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी मराठी चौथीतून शाळा सोडलेला, पोटामागे इतक्या लांब आलेला, जिनिंगमध्ये कापूस तोलणारा माणूस. सुरतेला गेलेल्या एका शेठच्या घरात मागची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. चैत्रात बायको बाळंत झाली आणि तापाने अंथरुणाला खिळली. सुईणीने बजावलं, "सव्वा महिना उंबरा वलांडू देऊ नको." आणि त्याच आठवड्यात शेठचा मुनीम येऊन म्हणाला, "धानोऱ्याचे पाटील घर बघायला येताहेत. त्यांना आखाजीच्या सणाच्या आत सगळं घर रिकामं हवं."

ओल्या बाळंतिणीला नवी खोली कोण देणार? चार घरी विचारलं, चारी घरी दार लोटलं गेलं. एकच आशा होती: घर तपासायला आबा येणार होते.

आणि त्या दिवशी नेमकं सगळं उलटं! पाणी जागचं हललं नाही. वास नाही. आबा उताणे झोपले आणि खुशीने हसायलाच लागले. "पाटील, असं घर मी जनममा नही दखं!" पाटलांचा हात कमरेच्या पैशांच्या पिशवीकडे गेला. मी दाराशी घाम पुसत उभा. शेवटची राहिली आमच्या खोलीलगतची भिंत. आबांनी बोटातल्या चांदीच्या अंगठीने ठोकलं, भिंतीला कान लावला, आणि तेवढ्यात पलीकडे माझी लेक रडली.

आबांनी कान काढलाच नाही. डोळे मिटून तसेच चिकटून राहिले. मग वळले, माझ्याकडे न बघता पाटलांना म्हणाले, "भित पोकळ शे. आतून उधई खाई गयी."

"वाळवी? आबा, खरं?" पाटलांनी विचारलं.

"मी कव्हय खोटं सांगं का?"

पाटील उठून गेले. मुनीम कपाळाला हात लावून बसला. मी तर हादरलोच, कारण त्याच भिंतीत खुंटी ठोकताना माझे तीन खिळे वाकले होते.

आम्ही बायको बरी होईपर्यंत तिथे राहिलो, मग दुसरी खोली मिळाली. पुढच्या वर्षी ते घर तळोद्याच्या एकाने घेतलं आणि नवं दार काढायला तीच भिंत फोडली. कुदळ लागली की ठिणगी उडे. वाळवीचं नावसुद्धा नाही. सगळी गल्ली हसली. "काय आबा, कुठं शे तुमनी उधई?"

"वय व्हई गयं भाऊ," आबा म्हणाले, "कान गयात मन्हा."

मी खरं सांगायला पुढे सरसावलो, तर माझं मनगट धरून ते पुटपुटले, "गप बठ. लबाड म्हनापेक्षा बहिरा म्हनतस ते बरं शे."

तेव्हापासून घर बघायला आबांना कुणी बोलावत नाही. घरं आता फटाफट विकली जातात. आबा ओट्यावर बसून असतात, लोक त्यांच्याशी ओरडून बोलतात, आणि तेही कानामागे हात धरून "का म्हने?" विचारतात. माझ्या लेकीचे वाळे मात्र त्यांना गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतात.

देवाने कधी मला स्वतःचं घर घ्यायची ऐपत दिली, तर भर दिवसा, गल्लीदेखत आबांना हाताला धरून नेईन. त्यांना हवं तितकं झोपू देईन. आणि ते "नको" म्हणाले, तर का म्हणून न विचारता उठून येईन.