उलट उत्तर

बाच्या तोंडावर वहाण बसली, तेव्हा आम्ही मायलेकी चार हातांच्या अंतरावर सुपारी सोलत बसलो होतो.

श्रीवर्धनातली मालकाची वाडी. बा तिथं पोफळींवर चढून सुपारीचे घड उतरवायचा. आदल्या दिवशीच्या वाऱ्यानं एक पोफळ मधोमध मोडली होती. मालकानं विचारलं, "कुणी मोडली रे?"

बा म्हणाला, "वाऱ्यानं, मालक."

एवढंच. पण मालकाच्या डोळ्यांत बघून म्हणाला.

"उलट उत्तर देतोस?"

एक. दोन. तिसऱ्या फटक्याला बाचा दात पडला. रक्त थुंकून तो म्हणाला, "चुकलं, मालक."

काय चुकलं होतं? मालकानं विचारलं, म्हणून बानं सांगितलं.

घरी आयनं मीठपाणी गरम केलं. हळूच म्हणाली, "लय दुखतंय काय?" बानं तिचे केस धरले आणि तिला भिंतीवर आपटलं. "तोंड बंद!"

धाकटी बहीण मला बिलगली. "बा आयला का मारतो?"

मी तिच्या फाडकन थोबाडीत दिली. "गप!"

ओरड मालकाची. तोंड माझं. तिच्या गालावर माझी बोटं उमटली होती. माझीच मला किळस आली. आमच्या घरात साधं विचारणंही गुन्हा झालं होतं.

सकाळी मालक वाडीत आला. "ए काळतोंडे, ऊठ!"

मी सोलत राहिले.

"बहिरी झालीस?"

"न्हाय. मला नाव हाय. नावानं हाक मारा, उठते."

त्यानं लाथ घातली. डोकं दगडावर आपटलं. कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळलं. मी उठून बसले. "नावानं हाक मारा."

पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा त्यानं पाय उचलला, तेव्हा मी सुपारी सोलायचा कोयता उचलला. पाय जागीच थांबला. त्यानं मला वाडीतून हाकललं. नाव घेतलं नाहीच.

घरी बा हात उगारून धावून आला. "काम घालवलंस!"

"मार," मी म्हणाले. "पर आयनं काल तुला इचारलं, दुखतंय काय. तिला आधी उत्तर दे."

हात खाली आला. उत्तर त्यानं दिलं नाही. मरेपर्यंत दिलं नाही.

मी मात्र त्याच दिवशी बहिणीला जवळ घेतलं. बा आयला का मारतो, ते तिला खरं खरं सांगितलं. आणि ठरवलं. मला कुणी विचारलं, तर मी खरं तेच बोलणार. त्यावर जो हात उगारील, तो मालक असो, बा असो, उद्याचा नवरा असो, त्याचा हात मी मोडणार.