गावदेवीचा वाटा

पोशीर गावच्या सहदेवच्या ओटीवर दर रविवारी प्रार्थना व्हायची. सतरंजी अंथरली की सात-आठ माणसं जमत. प्रभूचा मार्ग धरून, ख्रिस्ती होऊन त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. तरी थोरला भाऊ मालोजी गावदेवीला कापलेल्या बोकडाचा वाटा दरवर्षी त्याच्या घरी धाडायला चुकला नव्हता. गावची रीतच ती, प्रत्येक चुलीला वाटा. सहदेव आणि त्याची बायको सुंदरा तो बिनघोर शिजवून खात. मूर्तीतच काही नाही, मग मटणात काय असणार? मालोजीही हसायचा, "देव येगळं झालं रं, बोकड तर एकच हाय!"

यंदा वाटा आला तो नेमका रविवारी. प्रार्थना आटोपून मंडळी पांगली, पण कळंबची जना मागे राहिली होती. नुकताच बाप्तिस्मा घेतलेली विधवा. त्याआधी तिच्या अंगात देवी यायची. सुंदराने तिला जेवायला बसवलं. दोन घास खाऊन तिने विचारलं, "काकी, मटण कुठलं?" सुंदराने सरळ सांगितलं.

जनाचा हात थांबला. तिने सहदेवकडे पाहिलं. तो हाड चोखत होता.

"खा गं, काय होत नाय."

जनाने मान खाली घालून ताट संपवलं. पुढचे दोन रविवार ती आलीच नाही.

सहदेव रिक्षाने कळंबला गेला. जना अंगणात तांदूळ पाखडत होती.

"काका, तुमी म्हणता ते खरं असंल. पण मला वाटलं, मी परत त्या देवीच्याच पंगतीला बसले. आता प्रार्थनेला डोळं मिटायचं भ्या वाटतं."

चार वचनं सांगायची असं सहदेव वाटेत ठरवून आला होता. एकही तोंडातून निघेना. आपण खोटं तर बोललो नव्हतो, मग हिला कुठे ढकललं? "माझं चुकलं, पोरी," तो म्हणाला. "आता ते आमच्या चुलीवर चढणार नाय."

परतल्यावर तो आधी समोर मालोजीच्या घरी गेला. सहदेवने उंबऱ्यातच सांगून टाकलं.

"इतकी वर्षं गोड लागलं, आता इटाळ झाला व्हय रं?" मालोजी कडाडला. "कुठल्या बाईपायी भावाचा हात झटकतोस?"

"हात नाय दादा. वाटा नको म्हणतो."

"वाटा म्हंजे माझा हातच की!"

सहदेव उंबऱ्यावरून मागे फिरला. दादाचंही खरंच होतं. एकीचं मन राखायला जावं तर दुसऱ्याचं मोडत होतं, आणि त्यातलं कुठलं मोडलेलं चालतं, ते त्याला उमगत नव्हतं.

रविवारी जना आली. दाराशी बसली. जरा वेळाने तिने डोळे मिटले. सहदेवचे मात्र उघडेच राहिले. समोर आपल्या ओट्यावर मालोजी पाठ करून बसला होता.

सगळे गेल्यावर जनाने हळूच विचारलं, "तुमचे भाऊ रागावले का ओ?"

"रागावलाय."

"मग आता?"

सहदेव सतरंजीची घडी घालत राहिला. ती काही नीट बसेना. "आज त्याच्याकडं जेवायला जातो," तो अखेर म्हणाला. "वरणभात मागंन. वाढतो का नाय, ठाव नाय."