हाक न ऐकणारी जीप

काकांनी नगरहून जुनी जीप आणली, तेव्हा गावात दुसरी मोटार नव्हती. बहात्तरचा मोठा दुष्काळ अजून यायचा होता. घोडेगावच्या गुरांच्या बाजाराला जीपनं जायचं म्हटलं की सकाळपासून घरात धांदल उडे.

त्या दिवशी बैलजोडी घ्यायची होती. काका चालवत होते, शेजारी नुकताच गाडी शिकलेला मी, मागे काकू. वर्षभर काकांना विसर पडत होता. हा आजार असतो हे आम्हाला फार पुढे कळलं. तेव्हा सगळे ‘वय झालं’ म्हणत. जेवून उठल्यावर ते ‘वाढा’ म्हणत. गाडी मात्र नीट चालवत, म्हणून किल्ली मागायला कोणी धजावलं नव्हतं.

“आपन कुटं निगालो?” काकांनी विचारलं.

“बाजाराला. कितींदा सांगू?” काकू म्हणाली. “आता इसरला तर तुमालाच तितं इकायला उभं करीन.”

“मला कोन घील?”

“दात बगितल्यावर कोनी न्हाई.”

काका खदखदून हसले. जीपचा वेग वाढला.

घोडेगावच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. काका मागे रेलले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडे ओढलं आणि ओरडले, “होऽ, होऽ!” जन्मभर बैलगाडी हाकलेली, हातांना कासराच आठवला. पाय ब्रेकवर गेलाच नाही. मी स्टिअरिंग वळवलं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. जीप बाजरीत घुसली आणि बांधाला थडकून थांबली. शेळ्या वाचल्या. काकांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि ते बाजाराकडे चालू लागले.

बाजारात त्यांना काही आठवायची गरज पडली नाही. दात, खूर, चाल पाहून त्यांनी पांढरी जोडी निवडली आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा केला. आम्ही जीपपाशी परतलो. आता कोण चालवणार, हे विचारायचं कसं?

“नवी जोडी परक्याच्या हाती द्यायची न्हाई,” काकू म्हणाली. “कासरा तुमीच धरा. मी संगं चालते.”

काकांनी बांधाला टेकलेल्या जीपकडे पाहिलं. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली.

“जपून चालव, लेका. हिला हाक ऐकू येत न्हाई.”

आठवड्यानं त्यांनी किल्ली मागितलीच. काकूनं हातात कासरा दिला. काका खुशीत गोठ्याकडे गेले.